माग बंद होता, तरी जॉबरचं बोट त्यात सापडलं कसं?

पूर्वभाग_शेड:

शेड सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. २४ शटलचे माग, सगळ्यांवर टेरी टॉवेल, त्यातल्या ८ मागांवर जॅकार्ड (नक्षी विणायचं वरचं यंत्र). दर मागाला वेगळी मोटर आणि व्ही-बेल्ट. अर्ध्या मागांना एमसीबी आणि स्टार्टर आहेत, उरलेल्यांना जुनी किटकॅट (हाताने उपसून काढायचे फ्यूज) आणि साधा स्विच. दोन जॉबर (माग दुरुस्त करणारे), एक तेलवाला, दोन पाळ्या.

विणकराला होणारी इजा हा विषय वेगळा, तो इथे नको. मला विचारायचंय जॉबर आणि तेलवाल्याच्या हातांबद्दल. बोट चेमटणं, नख उडणं, पाना सुटून पेरं सोलणं, हे अशा शेडमध्ये चालूच असतं. आणि दर वेळी उत्तर एकच: "माग बंद होता हो." बंद होता तर बोट सापडलं कसं?

हँडल (माग चालू-बंद करायचा दांडा) पाडलं की माग बंद झाला असं धरायचं का? नसेल तर अजून काय करायचं? मोठ्या कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी स्विचला कुलूप लावतात, ते किटकॅटवर कसं बसवायचं? तेल देताना जाळी काढावी लागते, त्याचं काय? हातमोजे कुठले द्यायचे? आणि बोट तुटलंच तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं? "काळजी घ्या" सोडून काहीही सांगा.

टॉप_सेंटर:

"माग बंद होता" याचे चार अर्थ होतात, गोम तिथेच आहे. हँडल पाडलेलं. मोटर थांबलेली. करंट तोडलेला. आणि माग हलूच शकत नाही असा अडकवलेला. जॉबर पहिल्याला बंद म्हणतो, हाताला चौथा लागतो.

आधी तुमचे माग कुठल्या जातीचे ते बघा. काहींवर हँडल पाडलं की मोटरच बंद होते. काहींवर मोटर फिरत राहते, फक्त क्लच सुटतो किंवा पट्टा लूज पुलीवर सरकतो. दुसऱ्या जातीच्या मागावर हँडल पाडून खाली वाकणं म्हणजे चालू मोटरशेजारी हात घालणं. हँडलला कोपर लागलं, कुणी जाता जाता हात टेकला, की माग उठला. एका शेडमध्ये दोन्ही जातींचे माग मिसळलेले असतील तर अजून वाईट, कारण सवय एका मागाची आणि हात दुसऱ्यात.

मग ब्रेक. हँडल पाडल्यावर क्रँकच्या (मागाच्या मुख्य शाफ्टच्या) दोन फेऱ्यांच्या आत माग जागेवर उभा राहिला पाहिजे. तसा राहत नसेल तर ब्रेकचं अस्तर झिजलंय किंवा त्यावर तेल गेलंय. तेलवाला घाईत बेअरिंगला तेल जास्त सोडतो, ते ओघळून ब्रेकच्या चाकावर येतं. घसरणाऱ्या ब्रेकचा माग हाताने ढकलला तरी फिरतो, म्हणजे दुरुस्ती करताना जॉबरच्या स्वतःच्या पान्याच्या जोरानेही फिरतो. करंट नसताना बोट सापडतं ते असं. तुमच्या प्रश्नातल्या निम्म्या घटनांचं उत्तर इथेच मिळेल असा माझा अंदाज आहे.

वेगाचा हिशेब एकदा करून बघा. मिनिटाला १२० पिक (आडवे धागे) म्हणजे क्रँक शाफ्टची एक फेरी अर्ध्या सेकंदात. स्ले (फणी धरून पुढे-मागे हलणारी चौकट) मागच्या टोकाहून पुढे यायला पाव सेकंद. "हलला तर हात काढून घेईन" असं म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवा.

हात कुठे सापडतो ते जॉबरला माहीत असतं, तरी दोन जागा नीट सांगतो. पहिली, क्रँक शाफ्टचं चाक आणि खालच्या शाफ्टचं चाक. खालच्याला दुप्पट दाते, तो निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तो "सावकाश" वाटतो आणि भीती मोडते. पण दोन चाकांचे दाते जिथे एकत्र येतात तिथे वेग दोघांचा सारखाच असतो. दाते ज्या बाजूने आत शिरतात ती बाजू खाणारी, ज्या बाजूने सुटतात ती सोडणारी. जाळीवर लाल रंगाने खाणारी बाजू दाखवून ठेवा, कारण माग हाताने उलटा फिरवला की बाजू बदलते आणि जॉबर फसतो तो नेमका तेव्हा.

दुसरी जागा जॅकार्ड. माग अशा ठिकाणी थांबला की वरचा चाकूंचा (ताण्याचे धागे उचलणाऱ्या पट्ट्यांचा) सांगाडा उचललेला आहे, तर तो सगळा भार फक्त उचलणाऱ्या साखळीवर किंवा दांड्यावर लटकलेला असतो. तो दांडा सोडवला की सांगाडा खाली येतो. त्याला करंट लागत नाही, ब्रेकही अडवत नाही. म्हणून जॅकार्डचं काम करायच्या आधी माग हाताने फिरवून सांगाडा सगळ्यात खाली आणायचा. तसं जमत नसेल तर खाली लाकडी टेकू द्यायचा, मगच दांड्याला पाना लावायचा.

अडकवायची पद्धत: हातचाकाने क्रँक मागच्या टोकाला न्यायचा, म्हणजे स्ले पूर्ण मागे. या जागेवरून क्रँक कुठल्याही बाजूला फिरवला तरी स्लेला पुढेच यावं लागतं. मग स्लेचा स्वोर्ड (तिला खालून धरणारा पाय) आणि मागाची फ्रेम यांच्यामध्ये, कापडाच्या खालून, बाभळीचा ठोकळा बसवायचा. दोन्ही बाजूंना एकेक. ठोकळे दोरीने हँडलशी बांधलेले हवेत, दोरी इतकी आखूड की ठोकळा आत असताना हँडल उचलताच येऊ नये. दोरी नसली तर ठोकळा आत विसरतो, माग चालू होतो आणि स्वोर्ड मोडतो. मग मालकच म्हणतो, ठोकळे बंद करा.

फणी, वई (ताण्याचे धागे उचलणारी), टेंपल (कापड रुंदीला ताणून धरणारं), शटलची पेटी, पिकर (शटलला ठोकर देणारा) यांच्या कामाला ठोकळा चालतो. टायमिंग बसवताना माग फिरवावाच लागतो, तिथे ठोकळा काढायचा पण करंट तोडलेलाच ठेवायचा आणि हातचाकाने फिरवायचं. फिरवणारा आणि बघणारा वेगळे असतील तर बघणाऱ्याने दोन्ही हात वर दाखवल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. आरडाओरडा उपयोगाचा नाही, शेडमध्ये शेजारच्याचं ऐकू येत नाही.

एक राहिलं. माग चालू ठेवून पिकिंगचा जोर "हाताने बघणे" हा प्रकार बंद करा. पिकिंग स्टिकला हात लावून जोर कळत नसतो. शटल पेटीत किती आत जाऊन थांबतं त्यावरून कळतो, आणि ते माग थांबवून मोजता येतं.

करंटवाला:

वरचं सगळं बरोबर. विजेचं माझ्याकडून.

स्टार्टर असलेल्या मागांना एक फायदा असतो. लाइट गेली की स्टार्टरची कॉइल सुटते आणि लाइट आल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. साध्या स्विचच्या मागाला हे नाही. लाइट गेली, विणकर स्विच तसाच ठेवून चहाला गेला, जॉबरला वाटलं आयती वेळ मिळाली म्हणून त्याने हात घातला, आणि लाइट आली. हँडल पाडलेलं नसेल तर माग पहिल्या सेकंदात फिरतो. तुमच्या शेडमधले साध्या स्विचचे माग आधी बदला, बाकी सुधारणा नंतर.

पण स्टार्टरचं लाल बटण दाबणं म्हणजे करंट तोडणं नव्हे. आतले कॉन्टॅक्ट जळून चिकटलेले असले तर बटण वर येऊनही एखाद्या फेजचा पुरवठा चालूच राहतो.

किटकॅटला कुलूप: तिन्ही कॅरिअर (फ्यूजची तार असलेला, उपसून निघणारा भाग) काढायचे. एकच काढला तर थांबलेली मोटर नुसती गुणगुणते, जॉबरला वाटतं बंद झालं. पण टर्मिनलवर दोन फेज जिवंत असतात. काढलेले तिन्ही कॅरिअर जॉबरच्या स्वतःच्या खिशात. एवढ्याने भागत नाही, कारण शेजारच्या मागाचे कॅरिअर काढून इथे बसवणारे महाभाग दर शेडमध्ये असतात. म्हणून किटकॅटच्या तिन्ही बेसवर येईल असं पत्र्याचं झाकण, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला कडी-कोयंडा, त्याला कुलूप. वेल्डिंगवाला एका दिवसात बाराही मागांची करून देईल.

पैसे असतील तर याहून चांगलं म्हणजे मागाच्या फ्रेमवरच तीन पोलचा रोटरी आयसोलेटर (तिन्ही फेज तोडणारा फिरवायचा स्विच), कुलपाची भोकं असलेला. भिंतीवरचं पॅनल जॉबरच्या पाठीमागे असतं, कोण हात लावतंय ते दिसत नाही. फ्रेमवरचा दांडा डोळ्यासमोर राहतो. एमसीबी असलेल्या मागांना एमसीबीच्या खिटीवर चढणारं छोटं क्लिप मिळतं, त्यात कुलूप जातं. क्लिप घेताना एमसीबी सोबत न्या, सगळे सगळ्यांना बसत नाहीत.

कुलूप लावल्यावर दोन गोष्टी करायच्या. हिरवं बटण दाबून बघायचं, माग उठत नाही ना. हे वेडेपणाचं वाटतं, पण माग हलवताना किंवा नवीन वायरिंग करताना नंबर बदललेले असतात: मागावर १७ आणि पॅनलवर १६. कुलूप लागतं शेजारच्याला. बघून झालं की हँडल परत पाडून ठेवायचं. आणि वायरला हात लावायचा असेल तर टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग मोटरच्या तिन्ही टर्मिनलवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधेच टेस्टर मेला असेल तर तिसऱ्या पायरीला कळतं. मोटरला कपॅसिटर जोडलेला असेल तर करंट तोडल्यावर तो डिस्चार्ज होईपर्यंत थांबायचं.

शेडमध्ये पुढे रेपियर किंवा एअरजेट (शटलशिवायचे माग) आणलेत तर हिशेब बदलतो. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या) आतले कपॅसिटर मेन बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले असतात, किती ते ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेलं असतं. एअरजेटची हवा वेगळी बंद करायची आणि लाइनमधली सोडून गेजचा काटा शून्यावर आणायचा.

चादरवाला_७७:

एवढं कशाला? सगळ्यांना जाड चामड्याचे हातमोजे देऊन टाका. वेल्डरचे मिळतात की बाजारात.

टॉप_सेंटर:

चादरवाले अण्णा, हेच करू नका. फिरणाऱ्या शाफ्टजवळ, दात्यांजवळ, पट्ट्याजवळ हातमोजा म्हणजे हाताला लावलेला दोरा. उघड्या हाताचं कातडं दात्यात अडकलं तर बोटाचं टोक जातं, मोजा अडकला तर तो मनगटापर्यंत ओढतो. आणि जाड मोज्यात नट चिमटीत धरता येत नाही, म्हणून जॉबर तो काढून खिशात ठेवतो. लोंबणारा मोजा वेगळाच धोका.

मोजे कुठे हवेत? बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) उचलताना, चढवताना. फणीची पट्टी हाताळताना. पत्र्याच्या कडांना. गरम सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) जागी. म्हणजे जिथे काही फिरत नाही तिथे.

तोच नियम बाकी अंगावरच्या गोष्टींना. अंगठी, घड्याळ, मनगटाचा गंडा, खांद्यावर टाकलेली सुताची चिंधी. जॉबरच्या हातात पुसायला सुताचं वेस्ट असतंच. चालू मागाच्या दात्याजवळ त्याने पुसायला गेलं की पहिलं वेस्ट ओढलं जातं, मागोमाग बोट. उन्हाळ्यात आपल्याकडे लुंगी-बनियनवर काम चालतं, बनियनचं ठीक, लुंगीचं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे आणि ते मालकाने पुरवायचे असं स्पष्ट होतं. घट्ट पँट नि अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एवढंच.

तेवीस_पॉइंट_चार:

पाना सुटून पेरं सोलतात त्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी इजा तीच.

जुन्या मागांवर व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) नट आहेत आणि शेडमध्ये पाने मिलिमीटरचे. अर्धा इंची जुन्या व्हिटवर्थ नटाच्या सपाट बाजूंमधलं अंतर २३.४ मिमी. त्यावर २४ चा पाना घातला की तो ०.६ मिमी खेळतो, जोर लावला की कोपऱ्यांवर बसतो, कोपरे गोल होतात, पुढच्या वेळी तो सुटणारच. तीन अष्टमांशचा नट १८ मिमीच्या अगदी जवळ बसतो, म्हणून तिथे कुणाला त्रास होत नाही आणि सगळ्यांना वाटतं २४ ही बसेल. नऊ षोडशांशचा २५.६५, त्याला २६ चा ढिला. व्हिटवर्थच्या पान्यांचा एक सेट घ्या, रिंग पाना, आणि गोल झालेले नट फेकून द्या. नट स्वस्त आहे.

पाना स्वतःकडे ओढायचा. ढकलायचाच असेल तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकला, म्हणजे सुटला तरी पेरं लोखंडावर आपटत नाहीत. आणि पान्याला पाइप लावायच्या आधी नटावर तेल सोडून दहा मिनिटं थांबा.

व्ही-बेल्ट चढवताना पेचकसने पुलीवर ढकलत मोटर जरा-जरा फिरवणं, यात बोट पट्टा आणि पुलीच्या फटीत जातंच. मोटरच्या तळाचे बोल्ट सैल करा, मोटर पुढे घ्या, पट्टा हाताने आरामात बसतो, मग मोटर मागे ओढून ताण द्या. ताण बघायचा तर दोन पुल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर दाबा. १०० मिमी अंतराला साधारण १.६ मिमी दबला पाहिजे, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पट्ट्याला ८ मिमी. पट्टा फिरवून बघताना बोटं गुंडाळून धरायचा नाही, तळव्याने सरकवायचा.

आता जाळी. तेल द्यायला जाळी काढावी लागते, हा जाळी बनवणाऱ्याचा दोष. तेलाच्या भोकाला तांब्याची किंवा प्लॅस्टिकची नळी जोडून जाळीच्या बाहेर आणा, टोकाला तेलाची वाटी. तेलवाल्याला जाळीला हात लावायचं कामच पडत नाही. जी जाळी काढावीच लागते तिला चार बोल्टऐवजी बिजागरी आणि एक बोल्ट द्या, म्हणजे ती परत लागते. जाळीचं भोक किती यावर ती किती दूर हवी ते ठरतं: चौकोनी १२ मिमीचं भोक असेल तर दात्यांपासून किमान ८० मिमी, २० मिमीचं असेल तर १२०. दात्यांना चिकटून लावलेली मोठ्या भोकांची जाळी म्हणजे बोट घालायला आमंत्रण.

पूर्वभाग_शेड:

सगळ्यांचे आभार. झाकणं आणि ठोकळे करतो. पण एक खरी अडचण सांगतो. विणकर पीसवर आहे. माग जितका वेळ बंद, तितकी त्याची मजुरी बुडते. जॉबर कुलूप लावून बसला की विणकर डोक्यावर उभा राहतो, "अण्णा, झालं का?" म्हणून जॉबर चालू मागावरच हात घालतो. कुलूप आणलं तरी हे थांबेल का?

दुसरं, पाट्या कुठल्या भाषेत लावू? निम्मी शेड घरी तेलुगू बोलते, काही कन्नड, काही उर्दू.

टॉप_सेंटर:

नाही थांबणार. कुलपाचा खर्च मालकाचा आणि वेळेचा खर्च विणकराचा, अशी वाटणी असेल तर कुलूप दोन आठवड्यांत खुंटीला टांगलेलं दिसेल. दुरुस्तीच्या वेळेची मजुरी ठरवा. त्या मागाची तासाची सरासरी काढा आणि जॉबरने वहीत लिहिलेल्या बंद वेळेइतकी विणकराला द्या. वहीत वेळ लिहायची ती कुलूप लावल्याची आणि काढल्याची. म्हणजे विणकरालाच कुलूप लागलेलं हवं असतं. "अण्णा, झालं का" म्हणणारा मग "अण्णा, कुलूप लावलंस का" विचारतो.

अजून एक. छोटी कामं साठवा. टेंपलची सेटिंग, पिकर बदलणं, पट्ट्याचा ताण हे बीम संपतं तेव्हा करा. बीम बदलताना माग तसाही थांबलेला असतो. आज लागणारी निम्मी कामं तेव्हा होतात. मात्र टेरीला दोन बीम असतात आणि ते एकाच दिवशी संपत नाहीत, त्यामुळे तारीख पाइलच्या (टॉवेलचे फासे घालणाऱ्या सुताच्या) बीमवरून धरा, ते आधी संपतं.

बीमचंही सांगून टाकतो. भरलेलं बीम ब्रॅकेटमध्ये बसवताना बोटं बीमच्या टोकाखाली जातात. टोक हाताने न धरता पकडीने किंवा दोरीच्या फासाने धरा, आणि उतरवताना आधी ताणाची वजनं काढा. वजन साखळीवर असताना बीम सोडलं तर ते स्वतःहून अर्धी फेरी घेतं.

पाटी लिहू नका. चित्र लावा: लाल पत्र्यावर कापलेला हात आणि जॉबरचा फोटो. फोटो असला की कुलूप कुणाचं ते कळतं आणि कुणी ते तोडायला जात नाही. लिहायचंच असेल तर चारही लिप्यांमध्ये एकच शब्द.

पट्टीबंधन:

हाताच्या जखमांवर रोज काम असतं, तेवढ्यापुरतं लिहिते.

बोट तुटलं तर: स्वच्छ कापडाने जखमेवर सरळ दाबा, हात छातीच्या वर धरा, दहा-पंधरा मिनिटं दाब सोडून बघू नका. शेडमध्ये सूत हाताशी असतं म्हणून लोक बोटाच्या मुळाशी सूत घट्ट आवळून बांधतात. तसं करू नका, बारीक सुताने आवळलेल्या जागेच्या शिरा आणि नसा खराब होतात. अंगठी असेल तर लगेच काढा, अर्ध्या तासात सूज आली की कापावी लागते. हळद, कॉफी पावडर, मागाचं तेल, काहीही लावू नका. ते सगळं सर्जनला घासून काढावं लागतं.

तुटलेला तुकडा शोधा. मागाखाली, दात्यांत, टॉवेलच्या घडीत. त्याला घासू नका. सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये, सलाईन नसेल तर स्वच्छ पाण्याने ओल्या करून पिळलेल्या कापडात गुंडाळा. ते कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात बर्फ आणि पाणी घालून त्यात ठेवा. तुकडा बर्फाला चिकटता कामा नये, थेट बर्फावर ठेवलेला तुकडा गोठून मरतो. दुधात, स्पिरिटमध्ये, नुसत्या पाण्यात बुडवून आणलेले तुकडेही वाया जातात. बोटात स्नायू जवळपास नसतात, म्हणून तसंच ठेवलं तर साधारण १२ तास, थंड ठेवलं तर २४ तासांपर्यंत जोडायची शक्यता राहते. तळहात किंवा मनगट तुटलं तर मात्र ६ तासांचाच हिशेब धरा. सोलापूरहून पुणे साधारण २५० किलोमीटर, म्हणून बोटाला पुण्यापर्यंत वेळ आहे, मनगटाला तो फार कमी आहे. निघायच्या आधी फोन करून बोट जोडणारा सर्जन त्या वेळी आहे का ते विचारा. रात्री दहाला एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. अपघाताची वेळ कागदावर लिहून सोबत द्या आणि त्याला खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागते.

बोट कातड्याच्या पट्टीवर लटकत असेल तर ती कापू नका. बोट त्याच्या सरळ रेषेत ठेवा, फुटपट्टीला बांधा, वरून गॉज, बाहेरून थंड पिशवी.

हात दात्यात किंवा रोलरमध्ये अडकला असेल तर सगळ्यात मोठी चूक मोटर उलटी फिरवण्याची होते. करंट तोडा, पट्टा सोडवा किंवा कापा, मग हातचाकाने सावकाश उलट फिरवा. कुठल्या दिशेने सोडणार हे आधीच जाळीवर लिहिलेलं असेल तर घाबरलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही. वर लाल रंगाचं सांगितलंय ते यासाठीही उपयोगाचं आहे.

रोलरमध्ये हात ओढला गेला आणि बाहेरून फक्त खरचटलेलं दिसलं तरी घरी पाठवू नका. कातडं आतून मोज्यासारखं सुटलेलं असू शकतं. हात टणक होत गेला, बोटं सरळ करताना असह्य दुखायला लागलं, बोटं बधिर झाली, तर त्याच रात्री ऑपरेशन लागतं. हायड्रॉलिक पाइपच्या बारीक भोकातून किंवा ग्रीस गनमधून बोटात तेल शिरलं तर टाचणी टोचल्यासारखं टिंब दिसतं, दुखतही नाही. ही दवाखान्यात लगेच न्यायची गोष्ट आहे, सकाळची वाट पाहायची नाही. गळती बोटाने तपासू नका, पुठ्ठा फिरवा.

शेडमध्ये एक डबा भरून ठेवा: निर्जंतुक गॉज, सलाईनच्या दोन बाटल्या, झिपच्या पिशव्या दोन मापांच्या, क्रेप बँडेज, कात्री. बर्फ कुठल्या दुकानात मिळतो ते आधी बघून ठेवा. १०८ चा नंबर पॅनलशेजारी मोठ्या अक्षरात.

हिशेबवाला:

कागदाचं थोडक्यात. ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) नोंदणी असेल तर कामावर झालेल्या इजेला किती दिवस वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्याच दिवशी लागलं तरी लाभ मिळतो. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बुडलं तर रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के. अट अशी की माणसाचं नाव अपघाताच्या आधी रजिस्टरवर असलं पाहिजे, अपघातानंतर घातलेली नावं लगेच ओळखू येतात. आणि ४८ तास किंवा त्याहून जास्त काम बुडालं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खात्याला कळवायचं, जुन्या कारखाने अधिनियमात हे कलम ८८ मध्ये होतं.

ईएसआयसी नसेल तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची पद्धत: पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के कमी धरतात, तिचं एक पेर ९ टक्के. अंगठा ३० टक्के. करंगळी ७. हिशेब असा: महिन्याचं वेतन १५,००० धरून त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वय ३० असेल तर कायद्याच्या तक्त्यातला गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,६२,०५५ रुपये. एका तर्जनीचे. बारा मागांची पत्र्याची झाकणं आणि दोन जॉबरची कुलपं याच्या शेजारी मांडून बघा. हे जुने कायदे २०२५ च्या नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहितांमध्ये आलेत, त्यामुळे फॉर्म भरताना सध्या कुठला नमुना चालतो ते आधी विचारून घ्या.

पूर्वभाग_शेड:

शेवटची शंका. कुलपाची दुसरी किल्ली कुठे ठेवू? जॉबर पाळी संपवून कुलूप तसंच ठेवून घरी गेला तर?

करंटवाला:

दुसरी किल्ली ठेवूच नका. कुलूप विकत आणलं की त्या दुसऱ्या किल्लीचे दोन तुकडे करून टाका. दोन जॉबर, दोन कुलपं, दोन रंग. दोघे एकाच मागावर काम करणार असतील तर दोघांची कुलपं लागतील असा भोकांचा पत्रा कोयंड्यात घाला, शेवटचं कुलूप निघेपर्यंत माग उठत नाही.

जॉबर घरी गेला तर आधी त्याला फोन. तो पोचू शकत नसेल तर तुम्ही स्वतः आणि दुसरा जॉबर मिळून मागाभोवती फिरून बघा, ठोकळे, पाने, माणूस काही आत नाही ना. मग कुलूप कापा आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला लागायच्या आधी त्याला सांगा की तुझं कुलूप कापलंय, नाहीतर त्याला वाटेल माग अजून बंद आहे.

टॉप_सेंटर:

आणि कुलूप कापायची कात्री ऑफिसात ठेवा, शेडमध्ये नाही.